रविवारच्या वर्गातल्या मुलीच्या आईवर लेख लिहिला, आता मुलगीच येत नाही

रविवारची बाई | मंगळवार, रात्री 11:40

नमस्कार. बरीच वर्षं इथे नुसती वाचक आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबलंय, सांभाळून घ्या.

मी इचलकरंजीची. आधी एटीडी (कलाशिक्षक पदविका) केलं, मग कोल्हापुरात जीडी आर्ट (चित्रकलेची शासकीय पदविका). एका खासगी शाळेत चित्रकला शिकवते. तास कमी, म्हणून पगार 14,000. बाकीचं पोट बालवाड्यांच्या आणि दुकानांच्या भिंती रंगवून, एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकला परीक्षांच्या शिकवण्या घेऊन भागतं. स्वतःची चित्रं रात्री, आणि लिहिणं त्याहून रात्री. दर रविवारी सकाळी नऊ ते अकरा मागवाल्यांच्या वस्तीतल्या समाजमंदिरात मुलांचा वर्ग घेते. तो फुकट. वस्तीत मला माझ्या नावाने कुणी ओळखत नाही, ‘रविवारच्या बाई’ म्हणतात.

गाव माहीत नसेल त्यांच्यासाठी: 1904 साली विठ्ठलराव दातारांनी इथे पहिला यंत्रमाग बसवला, तेव्हापासून आमचं घड्याळ मागावर चालतं. बालकृष्णबुवा इचलकरंजीकरांचं, म्हणजे गाण्याचं गाव असंही आम्ही पाहुण्यांना सांगतो. पण रात्री खिडकी उघडली की ऐकू येतो तो खडखडाटच.

वर्गात सुरुवातीला सगळी मुलं एकच चित्र काढायची. दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली नदी, एक झोपडी, नारळाचं झाड. इचलकरंजीत डोंगर कुठला? एकदा वैतागून म्हटलं, घरातून बाहेर बघितल्यावर जे पहिलं दिसतं ते काढा. त्या दिवशी एका दहा वर्षांच्या मुलीने मागाच्या शेडची जाळीची खिडकी काढली आणि जाळीत अडकलेला सुताचा भुगा पांढऱ्या खडूने इतका नेमका दाखवला की मी कागद उलटा करून तारीख लिहून ठेवली.

नंतर रंगपेटीचा नादच सोडला. रिकाम्या कांड्या मिळतात (मागावर आडवा धागा नेणाऱ्या धोट्यात सूत भरून बसवतात ती कांडी). तिचं बूड रंगात बुडवलं की गोल ठसा उमटतो, मधे भोक. मुलांनी त्याच्यातून डोळे केले, चाकं केली, भाकऱ्या केल्या. सायझिंगमधली (तिथे सुताला खळ लावतात) खळ एक पोरगा बापाकडून डब्यात आणतो, तिने कागद चिकटवतो. महिन्याला एक भित्तिपत्रक लागतं समाजमंदिराच्या दाराशी. मराठी, हिंदी आणि थोडं कानडी. नाव काय ठेवायचं यावरून दोन वर्षं भांडण चालू आहे, त्यामुळे पत्रक बिननावाचंच आहे.

आता मुद्दा. त्या खिडकीवाल्या मुलीची आई कांडी मशीनवर काम करते. गेल्या वर्षी श्रावणात मी त्यांच्या घरी गेले होते, तासभर बसले. त्या तासावर एक ललित लेख लिहिला. एका दिवाळी अंकाने छापला. नाव बदललं होतं. चांगला लेख होता, हे मी आत्ताही म्हणते. फोन आले, ‘डोळ्यांत पाणी आलं’ वगैरे. मानधन 1,500 ठरलं, ते अजून आलेलं नाही, पण तो वेगळा धागा होईल.

तो अंक कुणीतरी त्या शेडमध्ये नेला. जेवणाच्या सुट्टीत एकाने मोठ्याने वाचून दाखवला. त्यानंतर मुलगी रविवारी येईनाशी झाली. पाच रविवार झाले. रस्त्यात आई दिसली तर ती ओळख देते, थांबत मात्र नाही.

मला विचारायचंय ते असं. चित्र, लेखन आणि हे वस्तीतलं काम, तिन्ही एकाच माणसाने करायचं म्हटलं तर वस्तीतलं लेखनात आणायचं की नाही? खरं सांगायचं तर माझ्याकडे लिहिण्यासारखं जे काही आहे ते सगळं त्या दोन तासांतूनच येतं. तो झरा बंद केला तर मी काय, पावसावर लिहू? आणि चालू ठेवला तर मी तिथे मुलांसाठी जाते की स्वतःच्या लेखासाठी, हे मलाच कळेनासं होईल.

तुमच्यापैकी कुणाचं असं झालंय का?

---

मुद्रितशोधक | बुधवार, सकाळी 8:05

नाव बदललं, पण गाव, शेड, मुलीची खिडकी आणि कांडी मशीन तेच ठेवलं ना? मग नाव बदलून काय साधलं? शेडमधल्या लोकांना नावाची गरजच नव्हती.

वीस वर्षं दिवाळी अंकांची मुद्रितं तपासतोय. या प्रकारचे लेख ढिगाने येतात, आणि त्यांत एक गोष्ट सारखी असते: ज्याच्यावर लिहिलंय तो वाचणार नाही हे लेखकाने गृहीत धरलेलं असतं. तुम्हीही धरलं होतंत. राग मानू नका.

(मानधनाचा वेगळा धागा जरूर काढा. मीही येतो.)

---

निळीशाई | बुधवार, दुपारी 1:22

मी थोडं उलट बोलतो. परवानगी घेऊन साहित्य होत नाही. उद्या तुम्ही त्या शेडच्या मालकावर लिहिलंत तर त्याचीही सही आणणार का? मराठीत जी आत्मकथनं सत्तरच्या दशकापासून आली, त्यांत माणसांनी आपली आई, बाप, भावकी, वस्ती सगळं उघडं मांडलं. घरचे दुखावले, गावाने बोलणं टाकलं, तरी ते लिहिलं गेलं म्हणून आज आपल्यापाशी आहे.

तुम्ही खोटं लिहिलंय का? नाही ना? मग अपराधी वाटून घेऊ नका. मुलगी येईल परत. नाही आली तर वाईट वाटेल, पण तो लेखनाचा खर्च आहे.

---

रविवारची बाई | बुधवार, रात्री 11:15

मुद्रितशोधक, राग नाही. तुमचं वाक्य दिवसभर डोक्यात होतं. खरंय, ती वाचेल असं एकदाही मनात आलं नव्हतं.

निळीशाई, आत्मकथनं लिहिणाऱ्यांनी स्वतःची आई लिहिली. मी दुसऱ्याची लिहिली. त्यांनी भोगलं आणि सांगितलं. मी तासभर बसले, चहा प्यायले आणि घरी येऊन टाइप केलं. मालकावर लिहायचं तर बेधडक लिहीन, तो मला कोर्टात खेचू शकतो. ती फक्त मुलीला पाठवायची बंद करू शकते. दोघांना एकाच मापाने कसं मोजायचं? आणि खर्च म्हणाल तर तो मुलगी भरतेय, लेखन नाही.

---

वडसा लोकल | गुरुवार, रात्री 12:50

बाई, मी झाडीपट्टीतला नट. विनोदी कामं करतो. दिवाळीतल्या मंडईपासून (मंडई म्हणजे आमच्याकडची गावजत्रा) होळीच्या आसपासपर्यंत आमचा हंगाम. बाकी वर्ष धान लावतो आणि पुढच्या हंगामाचं लिहितो. तुमचं दुखणं आमच्याकडे दर रात्री होतं, म्हणून लिहितो.

ज्यांना माहीत नाही त्यांना सांगतो. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हा धानाचा मुलूख म्हणजे झाडीपट्टी. नाटक कंपन्यांचं ठाणं वडसा, म्हणजे देसाईगंज. शंकरपट (बैलांची शर्यत) असला, मंडई असली की गावात नाटक पाहिजेच. रात्री दहाच्या पुढे पडदा उघडतो आणि संपेस्तोवर कोंबडा आरवतो. थंडीत लोक घोंगडी पांघरून, पोरं मांडीवर घेऊन बसतात. 2023 मध्ये आमच्या परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा पुण्या-मुंबईच्या पेपरांना आमचा पत्ता सापडला.

आता माझी गोष्ट. विनोदी पात्राला आमच्याकडे लेखकाची वाक्यं पुरत नाहीत, गावातलं काहीतरी टाकावं लागतं. टाकलं की मांडव उसळतो. मी काय करायचो, संध्याकाळी गावात पोचलो की पानठेल्यावर उभा राहायचो आणि कुणाचं काय चाललंय ते ऐकून घ्यायचो. एका गावात एक माणूस अडखळत बोलायचा. मी ते रात्री स्टेजवर केलं, नाव न घेता. अख्खा मांडव लोळला. मला दोन जणांनी वर येऊन बक्षिसी दिली.

पहाटे नाटक संपलं. मेकअप पुसून आम्ही चहाला गेलो. चहावाला तोच होता. ठेल्यावर त्याचा भाऊ बसला होता म्हणून संध्याकाळी मला कळलं नव्हतं. त्याने आम्हां सगळ्यांना चहा दिला. मला पण दिला. पैसे घेतले नाहीत. एक शब्द बोलला नाही, आणि बोलला असता तर सगळ्यांना माझंच रात्रीचं काम आठवलं असतं, हे त्याला माहीत होतं आणि मलाही.

तो चहा मी कसा प्यायलो ते सांगत नाही.

दुसऱ्या हंगामापासून पद्धत बदलली. ज्याच्यावर वाक्य टाकायचं आहे त्याच्याकडे स्वतः जातो. ‘दादा, रात्री तुमच्यावर एक टाकू काय?’ कोणी नाही म्हणतो, विषय संपला. कोणी म्हणतो टाक, पण माझ्या साळ्याचंही टाक. एक म्हातारी तर म्हणाली, माझ्यावर टाक, पण मला पुढे बसव. आणि बाई, विनोद कमी झाला नाही. उलट लोक आपणहून माल आणून देतात, निवडायची पंचाईत होते.

निळीशाईभाऊ म्हणतात तेही पूर्ण खोटं नाही. सावकारावर, दारूच्या ठेकेदारावर मी कुणालाही न विचारता टाकतो. पण मी पहाटे त्याच गावात चहा पितो. तुम्ही पुढच्या रविवारी त्याच वस्तीत जाणार. एकदा लिहून निघून जाणारा आणि परत जाणारा यांचा कायदा एक नसतो.

एक राहिलं. तुम्ही तिच्या घरी गेल्या काय, लेख छापून आल्यावर? तुमच्या लिहिण्यात ते कुठे दिसलं नाही.

---

डहाणूचा मास्तर | गुरुवार, दुपारी 4:30

आश्रमशाळेतून निवृत्त झालेला कला शिक्षक. वरचा शेवटचा प्रश्न मीही विचारणार होतो.

आमच्याकडचा एक अनुभव. वारली चित्र आज साडीवर आहे, कपावर आहे, विमानतळावर आहे. पण मूळ ते लग्नाचा चौक. घरात लग्न असलं की शेण-गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने सवाष्णींनी काढायचा, मधे पालघाट देवी. धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, तिथे गाणी म्हणते. पुरुष तो काढत नसत. सत्तरच्या दशकात गंजाडचे जिव्या सोमा मशे रोज चित्रं काढू लागले, लग्न नसतानाही, आणि चित्र कागदावर, तिथून जगात गेलं. 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली. 2014 मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळालं.

मी बाहेरचा, देशावरचा. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका पाड्यावरचा चौक बघून आलो आणि शाळेच्या भिंतीवर जसाच्या तसा काढला, देवीसकट. कौतुकाने. मुलं भिंतीजवळून जाताना अंग चोरून जायला लागली. चार दिवसांनी एका मुलाची आजी आली. ओरडली नाही. म्हणाली, ‘मास्तर, लगीन कोनाचा हाय?’

मला उत्तर देता आलं नाही. देवी मी पांढऱ्या चुन्याखाली घातली. पुढे त्याच आजीने मुलींना बाजूची भिंत सारवायला शिकवली, आणि त्यावर काय काढायचं ते त्यांनी ठरवलं: एसटी, हातपंप, ताडीचं झाड, आणि काठी घेतलेला एक माणूस. तो मीच आहे असं नंतर कळलं. काठी मी कधीच वापरली नव्हती. पण तक्रार कुठल्या तोंडाने करणार?

बाई, तुमच्या मुलांना तुमचं चित्र काढायला सांगा एकदा. मी गंमत करत नाही.

---

कोपरीकर | शुक्रवार, सकाळी 10:10

थोडंसंच. ठाण्यात रत्नाकर मतकरींनी समता विचार प्रसारक संस्थेबरोबर ‘वंचितांचा रंगमंच’ सुरू केला. वस्त्यांमधली मुलं आपल्याच जगण्यातले विषय घेऊन नाटिका बसवतात, बाहेरचे रंगकर्मी मदतीला असतात. मी प्रेक्षक म्हणून गेलोय. एका नाटिकेत बाप दारू पिऊन येतो असा प्रसंग होता, आणि माझ्या शेजारी बसलेली बाई हसत होती. मला विचित्र वाटलं. मग लक्षात आलं की ते डोळ्यांत पाणी आणायला लिहिलेलंच नव्हतं. ज्यांच्या घरात तो प्रसंग रोज घडतो त्यांना त्यातला विनोद ठाऊक असतो, आपल्याला नसतो.

तुमच्या लेखावर फोन आले ते ‘डोळ्यांत पाणी आलं’ म्हणून. त्यात एकजण तरी हसला होता का?

---

रविवारची बाई | तेरा दिवसांनी, रात्री 12:20

सगळ्यांना उत्तर द्यायला उशीर झाला. वडसावाले दादा, नाही, मी गेले नव्हते. सहा रविवार तिच्या दारावरून वर्गाला गेले आणि आले, आत गेले नाही. भित्रेपणा, दुसरं काही नाही.

परवा गेले. अंक बरोबर नेला. मुलगी दारात कपडे वाळत घालत होती, मला बघून आत पळाली. आई म्हणाली, ‘बसा की बाई.’ मी सरळच सांगितलं, लेख लिहिताना तुम्हाला विचारायला हवं होतं, विचारलं नाही. आता सगळा वाचून दाखवते, जे खटकेल ते सांगा.

मला वाटत होतं तिला खटकलं असेल ते पत्र्यातून गळणाऱ्या पाण्याचं वर्णन. नाहीतर नवऱ्याच्या उधारीचं वाक्य. त्या दोन्ही जागी माझाच आवाज बसला. ती म्हणाली, ‘ते हाय तसं हाय, समद्यांना ठाव हाय.’

तिने थांबवलं ते तिसऱ्या परिच्छेदात. मी लिहिलं होतं, ‘ती थकून भिंतीला टेकली. तिच्याकडे बोलायला शब्द उरले नव्हते.’ हे वाक्य, खरं सांगते, मला फार आवडलं होतं. फोन करणाऱ्यांनी तेच म्हणून दाखवलं होतं. ती म्हणाली, ‘मी दमले नव्हते वं. सुट्टी होती त्या दिशी. तुमी आला, तुमचं काय आवडनिवड ठाव न्हाई, म्हनून गप बसले. शेडमधे समदी म्हनत्यात, आमच्यात सगळ्यात बडबडी तू, आन् तुझ्याकडं शब्द उरलं न्हाईत व्हय? दोन म्हैने झालं, कोनबी येतंय आन् इचारतंय, आज उरल्यात का शब्द?’

कोपरीकर, तुमच्या प्रश्नाचं उत्तर हे. हसलं होतं, अख्खं शेड हसलं होतं.

मग तिने विचारलं, ‘ह्याचं तुमास्नी किती मिळालं?’ मी म्हटलं, दीड हजार ठरलेत, अजून आले नाहीत. किती महिने झाले विचारलं. तीन म्हटलं. तेव्हा मात्र ती मोकळी हसली. ‘म्हंजी तुमचा मालक बी आमच्यासारकाच की.’ पुढचा अर्धा तास ती बोलत होती: पगारातून उचल कशी कापतात, पावसाळ्यात सूत कसं तुटतं, मशीनवरच्या एका बाईने मुकादमाला कसं गप्प केलं. मी वही काढली नाही. काढली असती तर ती परत गप्प झाली असती, किंवा माझ्यासाठी बोलू लागली असती. तेही नको होतं.

निघताना विचारलं, हे लिहू का कधी? म्हणाली, ‘मुकादमाचं लिवा. माझं नाव घाला. पर आधी मला वाचून दावा, तुमास्नी ऐकून लिवाय येत न्हाई.’

निळीशाई, हे वाक्य तुम्हाला भेट. इथे काय लिहू आणि काय नको हे तिला विचारून आलेय, म्हणून एवढं सविस्तर लिहिलंय. गाव लिहिलं तर चालेल म्हणाली. ‘इचलकरंजीत कांडीवाल्या काय एक हाईत?’

मास्तर, तुमचंही केलं. काल मुलांना माझं चित्र काढायला सांगितलं. तेवीस चित्रं आली. एकोणीस चित्रांत माझ्या हातात मोबाईल आहे आणि मी कुणाच्या तरी कागदाचा फोटो काढतेय. दोन चित्रांत मी आहे पण चेहरा काढलेला नाही, एकात मला चार हात आहेत. मोबाईल मी वर्गात इतका वापरते हे मला माहीत नव्हतं. यापुढे तो पिशवीत राहील.

तेविसावं चित्र त्या मुलीचं. ती काल आली. आत बसली नाही, उंबऱ्यावर बसली, तिथेच कागद मांडीवर घेतला. तिने मला काढलंच नाही. समाजमंदिराचं दार काढलंय, दाराशी भित्तिपत्रक, आणि त्यावर कांडीच्या ठशांनी, डोळ्यांसारखे, ओळीने गोल गोल. खाली काय लिहिलंय म्हणून विचारलं तर म्हणाली, ‘आईनं सांगिटलंय, पत्रकाचं नाव.’

नाव अजून मंजूर झालेलं नाही. कानडी गटाचा विरोध आहे. पुढच्या रविवारी मतदान.